तीन आठवडे, हाफ टन ट्रक आणि टुकटोयाक्टुक: आधी वजन, मग तारीख, मग नकाशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एडमंटनचं एक कुटुंब, नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि साताऱ्याहून सुपर व्हिसावर (आई-वडिलांना कॅनडात लांब मुक्कामासाठी मिळणारा व्हिसा) आलेले ६८ वर्षांचे बाबा. घरी हाफ टन पिकअप आहे, म्हणजे हलक्या वर्गातला, मागे उघडा हौदा असलेला ट्रक, त्यावर सेकंडहँड कॅम्पर, म्हणजे हौद्यात बसवायची राहण्याची खोली, बसवायचा, ऑगस्टमधे तीन आठवडे रजा, अलास्का हायवेने व्हाइटहॉर्स, तिथून डॉसन सिटी, मग डेम्पस्टर हायवेने इनुविक आणि शेवटी टुकटोयाक्टुक म्हणजे थेट आर्क्टिक समुद्र, आणि येताना अलास्का करून घरी. जमेल का आणि तयारी काय करायची?

मी ग्रँड प्रेरीला राहतो, गेली चौदा वर्षं ट्रक कॅम्पर घेऊन उत्तरेला जातोय, डेम्पस्टर चार वेळा केलाय आणि त्यातल्या दोनदाच समुद्रापर्यंत पोचलोय. जायला हवंच, असं रान आणि असा उजेड दुसरीकडे बघायला मिळत नाही, आणि बाबांनाही जरूर न्या. पण तुम्ही लिहिलाय तो प्लॅन जसाच्या तसा नाही जमणार, आणि तो दोन ठिकाणी अडतो, एक म्हणजे वजन आणि दुसरं म्हणजे दिवस. बाकी सगळं, मच्छर, अस्वलं, रस्ता, खाणंपिणं, हे सांभाळता येतं.

आधी वजन. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून या आकड्याच्या वर जायचं नाही. तो तुमच्या ट्रकचा पेलोड. जाहिरातीतला नाही, शोरूमवाला सांगतो तो नाही, तुमच्या दारावरचा, कारण एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांचा आकडा सुद्धा वेगळा असतो, सनरूफ, मोठी चाकं, भारीतल्या सीट हे सगळं त्यातून वजा होतं. हाफ टनला साधारण १,४०० ते १,९०० पाउंडाच्या मधे कुठेतरी येतो. समजा तुमचा १,६०० आहे. तुम्ही चौघं मिळून ५५०-६०० पाउंड धरा, हो, माणसं त्यातच मोजायची, ड्रायव्हर सुद्धा. राहिले हजार. आता जुना हार्ड साइड कॅम्पर, म्हणजे पक्क्या भिंतींचा, रिकामाच दोन हजार पाउंडाच्या पुढे असतो, आणि विकणारा जे वजन सांगतो ते कोरडं वजन, त्यात पाणी नाही, प्रोपेन नाही, बॅटरी नाही, ताटं-वाट्या, कुकर, पांघरुणं, डाळ-तांदूळ काही नाही. नुसतं १०० लिटर पाणी भरलं की १०० किलो म्हणजे २२० पाउंड वाढले. म्हणजे तुम्ही ट्रकच्या पेलोडच्या दुपटीच्या आसपास जाणार.

लोक म्हणतात मागच्या स्प्रिंगला आधार द्यायला एअरबॅग (हवेचे फुगे) टाकू, स्प्रिंगमधे पट्ट्या वाढवू. त्याने ट्रक मागून बसलेला दिसत नाही एवढंच. अ‍ॅक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चाकं तीच राहतात, त्यांची ताकद वाढत नाही. हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझा पहिला कॅम्पर मी कागदावरच्या वजनावर विश्वास ठेवून घेतला, काट्यावर कधी नेलाच नाही, आणि अलास्का हायवेवर पिंक माउंटनच्या पुढे उतारावर मागचं उजवं टायर फुटलं. बायको आणि दोन वर्षांचा मुलगा गाडीत होते. गाडी सरळ राहिली, समोरून कोणी नव्हतं, म्हणून वाचलो. नंतर काट्यावर नेला तेव्हा मागचा अ‍ॅक्सल त्याच्या मर्यादेपेक्षा ४०० पाउंड जास्त निघाला. त्या दिवसापासून प्रत्येक ट्रिपच्या आधी मी पूर्ण भरलेला ट्रक, पाणी भरून, टाकी फुल करून, सगळी माणसं बसवून हायवेवरच्या ट्रक स्टॉपच्या काट्यावर नेतो, पुढचा अ‍ॅक्सल वेगळा, मागचा वेगळा. दहा मिनिटांचं काम आहे. तुम्ही सुद्धा हे करा, कुठलाही ट्रक घेतलात तरी.

मग तुमच्यासाठी मार्ग काय? वन टन ट्रक, म्हणजे जास्त वजन पेलणाऱ्या वर्गातला, सिंगल रिअर व्हीलचा (मागे दोन्हीकडे एकेकच चाक) सुद्धा चालतो, त्याचा पेलोड साधारण साडेतीन ते चार हजार पाउंडाच्या घरात जातो आणि मध्यम आकाराचा कॅम्पर त्यात नीट बसतो. क्रू कॅबच हवी, म्हणजे मागेही पूर्ण सीट असलेली, कारण चालत्या गाडीत कॅम्परमधे कोणीही बसायचं नाही, मुलगी कितीही हट्ट करू दे, तिथे पट्टा नाही काही नाही. दुसरा मार्ग म्हणजे कापडी भिंतींचा पॉप-अप, तो हलका असतो, हाफ टनवर दोन माणसांसाठी ठीक, पण चौघांना पुरत नाही आणि अस्वलांच्या भागात मला तो लहान मूल असताना नको वाटतो. तिसरा मार्ग भाड्याचा, त्यावर खाली सविस्तर लिहितो कारण माझ्या मते तोच तुमचा आहे.

झोपायचं पण बघून घ्या. ट्रक कॅम्परमधे कॅबच्या वर एक डबल बेड आणि खाली जेवणाचं टेबल पाडून होणारा एक छोटा बेड, चौघांची सोय म्हणतात ती बहुतेक हीच. बाबांना वर चढायला सांगू नका. रात्री उठावं लागतं, गुडघे असतात, अंधारात शिडी उतरताना पडले तर दवाखाना तीनशे किलोमीटरवर. बाबा आणि नात खाली, तुम्ही दोघं वर. आणि मागच्या दाराच्या पायऱ्या, त्या फार उंच असतात, घरी उभ्या ट्रकवर बाबांना आठ-दहा वेळा चढ-उतार करायला लावा, हाताला धरायला दांडा आहे का बघा, नसेल तर बसवून घ्या. आत टॉयलेट असलेलाच कॅम्पर घ्या, यावर तडजोड नको.

आता दिवस. एडमंटन ते डॉसन क्रीक ५९० किलोमीटर, तिथे अलास्का हायवेचा शून्य मैल. तिथून व्हाइटहॉर्स १,४२० च्या आसपास. व्हाइटहॉर्सहून क्लोंडाइक हायवेने डेम्पस्टरचा फाटा ४९०, फाट्याच्या पुढे ४० किलोमीटरवर डॉसन सिटी. फाट्यापासून इनुविक ७३६ आणि इनुविक ते टुक, म्हणजे टुकटोयाक्टुक, १३८. म्हणजे एका बाजूचे जवळजवळ ३,४०० किलोमीटर, जाऊन-येऊन ६,८०० आणि इकडेतिकडे धरून सात हजारच्या वर. कॅम्पर लादलेला ट्रक डेम्पस्टरवर ६० ते ७० ने चालतो, डांबरी रस्त्यावर ९० च्या वर मी नेत नाही. बाबा आणि मुलगी बरोबर असताना दिवसाला साडेचारशेच्या वर जाऊ नये आणि दर चार दिवसांनी एक दिवस गाडी हलवूच नये. हे सगळं मांडून बघा, तीन आठवड्यांत टुक होतं, पण येताना चार दिवसांत अडीच हजार किलोमीटर पळवावी लागते आणि मधे एकही मोकळा दिवस उरत नाही. मोकळा दिवस नसेल तर उत्तरेला जाऊच नका, इतक्या स्पष्टपणे मी हे सांगतोय त्याला कारण आहे.

डेम्पस्टरवर दोन नद्यांना पूल नाहीत. फोर्ट मॅकफर्सनच्या अलीकडे पील नदी आणि पुढे त्सिगेचिकला मॅकेन्झी नदी, दोन्हीकडे उन्हाळ्यात फेरी आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून रस्ता, मधल्या काळात काहीच नाही. फेरी फुकट आहे, बुकिंग नाही, जाऊन रांगेत उभं राहायचं. पण पाऊस जोरात झाला, नदीला पाणी वाढलं, ओंडके वाहून यायला लागले की फेरी थांबते, किती वेळ थांबेल हे नदीवर. एका वर्षी आम्ही दोन दिवस ईगल प्लेन्सला बसून होतो. तिथे एक हॉटेल, एक पंप, टायर दुरुस्ती आणि चहूकडे डोंगर. आमच्याकडे तीन दिवस शिल्लक होते म्हणून आम्ही निवांत होतो, पत्ते खेळलो, पिठलं-भात केला. शेजारी एक जोडपं होतं त्यांचं व्हाइटहॉर्सहून विमान होतं चौथ्या दिवशी, ते दुसऱ्या दिवशी सकाळी मागे फिरले आणि त्याच दुपारी फेरी सुरू झाली. मला अजून त्या बाईंचा चेहरा आठवतो.

आणि वणवे. २०२४ च्या मे महिन्यात अलास्का हायवेवरचं फोर्ट नेल्सन अख्खं रिकामं केलं होतं आगीमुळे, त्याच जुलैत जॅस्परचा मोठा भाग जळला, त्याच्या आदल्या वर्षी ऑगस्टमधे यलोनाइफ शहर रिकामं करावं लागलं. म्हणजे तुमच्या जायच्या आणि यायच्या दोन्ही रस्त्यांवर हे होऊ शकतं आणि उत्तरेला पर्यायी रस्ता म्हणजे शंभर किलोमीटरचा वळसा नसतो, हजाराचा असतो. रोज सकाळी निघायच्या आधी ब्रिटिश कोलंबियाचा आणि युकॉनचा सरकारी रस्ते-माहितीचं पान बघायचंच.

म्हणून मी ट्रिप आखताना कागदावर पहिली गोष्ट लिहितो ती परत फिरायची तारीख. ठिकाण नाही, तारीख. अमुक तारखेला आपण जिथे असू तिथून मागे वळायचं, मग समुद्र पन्नास किलोमीटरवर राहिला असला तरी. चारपैकी दोनदा मी असाच मागे वळलोय, आणि ही तारीख घरी शांतपणे सगळ्यांनी मिळून ठरवावी लागते कारण तिथे गेल्यावर कोणालाच वळावंसं वाटत नाही, आणि मग रात्रीचं ड्रायव्हिंग, झोप अपुरी, पावसात निसरड्या रस्त्यावर घाई, अपघात होतात ते असे.

तर तुमच्या तीन आठवड्यांत काय बसतं ते सांगतो. पहिली गोष्ट, या वेळी अलास्का सोडा. वेळ नाही हे एक, पण तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर कॅनडाचं पीआर (कायम राहण्याचा परवाना) असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो, बाबांना तर लागतोच, आणि सुपर व्हिसासाठी जो किमान एक लाख डॉलरचा विमा काढलाय तो कॅनडासाठी असतो, अमेरिकेत चालतो का, किती दिवस चालतो हे पॉलिसीत वाचल्याशिवाय बाबांना सीमेपलीकडे नेऊ नका. त्याच पॉलिसीत हवाई रुग्णवाहिकेचा खर्च आणि आधीपासूनचे आजार यांचं काय लिहिलंय ते पण बघा, युकॉनमधे याला फार महत्त्व आहे. डॉसन सिटीला छोटं हॉस्पिटल आहे, त्यानंतरचं हॉस्पिटल एकदम इनुविकला, मधे फोर्ट मॅकफर्सनला हेल्थ सेंटर, बस. बीपी-शुगरच्या गोळ्या ट्रिपपेक्षा दोन आठवडे जास्तीच्या, आणि त्या कॅम्परमधे एकाच जागी नकोत, निम्म्या कॅबमधे ठेवा.

दुसरी गोष्ट, माझा सल्ला मानलात तर एडमंटनहून विमानाने व्हाइटहॉर्सला जा आणि तिथे ट्रक कॅम्पर भाड्याने घ्या. वन टन ट्रकवर बसवलेला, मापात असलेला कॅम्पर मिळतो, जाण्या-येण्याचे चार हजार किलोमीटर वाचतात, आणि तीन आठवड्यांत टुक निवांत होतं, वर चार-पाच दिवस शिल्लक. पण करारात डेम्पस्टरला परवानगी आहे का ते लेखी घ्या, सगळे देत नाहीत, आणि खडीच्या रस्त्यावर काच आणि टायर विम्यात आहेत का हे विचारा. एका ठिकाणी मला फोनवर हो म्हणाले आणि काउंटरवर कागदात नाही निघालं. ऑगस्टसाठी आदल्या हिवाळ्यातच बुक करावं लागतं, उशिरा गेलं की शिल्लक राहत नाहीत.

स्वतःची गाडी चालवत जायचंच असेल, आणि मला ते पण समजतं कारण अलास्का हायवे हा निम्मा आनंद आहे, तर मग टुक सोडा आणि डेम्पस्टरवर आर्क्टिक सर्कलपर्यंत जा, फाट्यापासून ४०५ किलोमीटर, दोन्ही फेऱ्या त्याच्या पुढे आहेत. टूमस्टोनचे डोंगर त्यात येतात आणि माझ्या दृष्टीने अख्ख्या डेम्पस्टरचा सगळ्यात सुंदर भाग तोच. येताना वॉटसन लेकच्या अलीकडून कॅसियार हायवे घ्या, ७२५ किलोमीटर, रहदारी कमी, अस्वलं भरपूर, मग प्रिन्स जॉर्ज, जॅस्पर करून घरी.

अलास्का हायवेबद्दल थोडं. १९४२ मधे युद्धाच्या काळात अमेरिकन सैन्याने हा रस्ता आठ महिन्यांच्या आसपास काढला, दलदल, गोठलेली जमीन, काही न बघता. आता सगळा डांबरी आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण दोन जागी थांबाच. मंचो लेकच्या आसपास रानमेंढ्या रस्त्यावरचं मीठ चाटायला येतात, वळणावर एकदम समोर उभ्या असतात, हळू चालवा. आणि लिआर्डची गरम पाण्याची कुंडं, किलोमीटर ७६५ जवळ. लाकडी फळ्यांचा सपाट रस्ता आहे सातशे मीटरचा, बाबा आरामात चालतील, आणि तीन दिवस सीटवर बसून आखडलेले गुडघे त्या पाण्यात सुटतात. माझ्या वडिलांना नेलं होतं तेव्हा ते पाण्यात बसल्या बसल्या म्हणाले, वज्रेश्वरीला गेल्यासारखं वाटतंय, फक्त गर्दी नाही. तिथे पूर्ण एक दिवस द्या. लिआर्डच्या पुढे-मागे रस्त्याच्या कडेला बायसनचे कळप असतात, संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, ते काळ्या अंधारात दिसत नाहीत आणि एकेक टनभर वजनाचे असतात.

आता डेम्पस्टर. हा रस्ता १९७९ ला सुरू झाला, खाली जमीन कायमची गोठलेली, ती वितळू नये म्हणून वर खडीचा जाड थर, काही ठिकाणी माणसाच्या उंचीएवढा आणि जास्तसुद्धा. म्हणजे रस्ता बांधासारखा उंच आणि कडा मऊ. जड कॅम्पर घेऊन कडेला गेलात की कड खचते आणि गाडी कलते. थांबायचं असेल तर थांबायच्या रुंद जागाच बघा. समोरून मोठा ट्रक आला की वेग कमी करा, उजवीकडे सरका पण कडेवर जाऊ नका, तो गेला आणि धूळ बसली की मग निघा. काचेला एखादा खडा लागणारच, काच भरायचं छोटं किट जवळ ठेवा, टिकली पडली की त्याच संध्याकाळी भरा, नाहीतर थंडीत ती पसरते.

पाऊस पडला की ईगल प्लेन्सच्या पुढे-मागे रस्ता साबणासारखा होतो. तेव्हा चालवू नका, एवढंच. एक दिवस बसून राहा, वारा आणि ऊन मिळालं की पटकन वाळतो. धूळ बसावी म्हणून तिथे कॅल्शियम क्लोराइड टाकतात, ते चिखलाबरोबर गाडीला सिमेंटसारखं चिकटतं आणि लोखंड खातं, तर डॉसनला परतल्यावर गाडी खालून सुद्धा धुवून घ्या, त्याच दिवशी.

टायर हा खरा विषय. दहा प्लायची, लोड रेंज ई लिहिलेलीच टायरं, चांगली नक्षी शिल्लक असलेली. तिथला दगड शेल जातीचा, धारदार पात्यासारखा निघतो, आणि एक पंक्चर झालं की दुसरं होतंच असं नाही पण दुसरं झालं तर मदत यायला दिवस जातो, म्हणून पूर्ण मापाचे दोन स्पेअर. बरोबर पंक्चर काढायचं किट, चांगला कॉम्प्रेसर, आणि कॅम्परसकट ट्रक उचलेल असा जॅक, गाडीबरोबर आलेला जॅक बहुतेक वेळा पुरत नाही, खाली ठेवायला लाकडी फळी. घरच्या ड्राइव्हवेवर कॅम्पर लादून एकदा मागचं चाक काढून परत लावा. दोघांनी लावा, बायकोला पण आलं पाहिजे. खडीवर हवा कमी करा असं सगळे सांगतात, रिकाम्या ट्रकला ते बरोबर आहे, पण कॅम्पर लादलेला असताना मागच्या टायरांना ती हवा वजन उचलायला लागते. टायर कंपनीचा तक्ता असतो, इतक्या वजनाला इतकी हवा, तुमच्या काट्यावरच्या आकड्यावरून बघा आणि त्याच्या खाली जाऊ नका. कमी करायची तर पुढच्यांची थोडी.

कॅम्पर ट्रकला बांधून ठेवणारे चार टर्नबकल (फिरवून ताणायचे स्क्रू) खडीवर सैल होतात. रोज सकाळी चहा व्हायच्या आधी आणि दुपारी एकदा हाताने बघायचे. कॅम्परच्या खाली रबरी मॅट टाका म्हणजे सरकत नाही. कॅम्परच्या बाजूला वजनाच्या मध्याची खूण असते, ती मागच्या अ‍ॅक्सलच्या थोडी पुढे आली पाहिजे, मागे आली तर पुढची चाकं हलकी पडतात आणि स्टिअरिंग तरंगल्यासारखं होतं. जुना कॅम्पर विकत घेताना हे शेडमधेच मोजून बघा, आवडला म्हणून पैसे देऊन मोकळे होऊ नका. छपराच्या कोपऱ्यांत हात दाबून बघा, मऊ लागलं तर आत लाकूड कुजलंय, तो कॅम्पर सोडून द्या.

धुळीसाठी एक युक्ती, ही मला तिकडच्या एका म्हाताऱ्या ट्रकवाल्याने शिकवली. गाडी पळताना मागच्या बाजूला हवेची पोकळी तयार होते आणि धूळ दाराच्या फटीतून आत ओढली जाते, संध्याकाळी दार उघडलं की बिछान्यावर, ताटांवर सगळीकडे पिठासारखा थर. छपरावरचा व्हेंट पुढच्या बाजूने किंचित उघडा ठेवला की आत हवेचा दाब राहतो आणि धूळ बाहेरच राहते. फ्रिजच्या खालच्या जाळीला बाहेरून टेप लावा, पण फ्रिज प्रोपेनवर लावायच्या आधी आठवणीने काढा, त्याला हवा लागते. पंपावर जाताना प्रोपेन बंद, नेहमी.

डिझेलचं गणित: कॅम्परसकट शंभर किलोमीटरला १८ ते २० लिटर धरा. डॉसनहून टाकी पूर्ण भरून निघालात की ईगल प्लेन्स साधारण ४१० किलोमीटर, म्हणजे ८० लिटरच्या आसपास, वाऱ्याचा आणि चढाचा विचार करून शंभर धरा. टाकी १२५-१३० लिटरची असेल तर जमतं, तरी मी वीस लिटरचा कॅन ठेवतोच, आणि डीईएफचा (डिझेल गाडीचा धूर स्वच्छ करणारं द्रव) एक डबा. ईगल प्लेन्सनंतर फोर्ट मॅकफर्सन १८० किलोमीटर, मग इनुविक. नियम एकच, पंप दिसला की भरायचं, भाव बघायचा नाही. युकॉनमधे दिवसा पण हेडलाइट चालू ठेवायचे.

मोबाइलला रेंज गावाबाहेर पडलं की गेली. सॅटेलाइट मेसेंजर घ्या किंवा भाड्याने आणा, त्यावर मदतीचं बटण असतं, आणि ते कसं दाबायचं हे मुलीला पण शिकवा. नकाशे फोनमधे उतरवून ठेवा. घरच्या एका माणसाला रोज रात्री एक मेसेज, आणि इतके तास मेसेज नाही आला तर कोणाला फोन करायचा हे त्याला लिहून द्या. साताऱ्याला आई असतील तर त्यांनाही आधीच सांगून ठेवा की दोन-तीन दिवस फोन लागणार नाही, नाहीतर तिकडे त्यांच्या जिवाला घोर.

कधी जायचं? शाळा बघता ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात निघा. जूनमधे सूर्य मावळत नाही, इनुविकला जवळजवळ दोन महिने तो वरच असतो, ते बघण्यासारखं आहेच, पण मच्छर आणि काळ्या माश्या इतक्या की बाहेर बसून घास खाता येत नाही. ऑगस्टच्या मध्यानंतर थंडी पडायला लागते, माश्या कमी होतात, रात्री पुन्हा अंधार होतो म्हणजे नॉर्दर्न लाइट्स दिसायची शक्यता, आणि महिनाअखेरीला टूमस्टोनचा टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेलं खुरटं रान, लाल-केशरी होतो. ते बघायला म्हणून मी सांगतो की टूमस्टोनला तीन रात्री द्या, फाट्यापासून ७१ किलोमीटरवर माहिती केंद्र आणि लगेच कॅम्पग्राउंड. युकॉनच्या सरकारी कॅम्पग्राउंडमधे जळाऊ लाकूड शुल्कातच मिळतं. बाबांना बीव्हर पाँडची छोटी चाल, तुम्ही आणि मुलगी गोल्डनसाइड्स चढा, आळीपाळीने. पण रात्री पाणी गोठतं तिथे, हीटरचा पंखा बॅटरी खातो, आणि लिथियम बॅटरी असेल तर शून्याच्या खाली ती चार्ज करायची नाही, ती आतल्या बाजूला उबेत हवी.

अस्वलांची भीती नको, शिस्त हवी. हार्ड साइड कॅम्पर आहे म्हणजे रात्रीची काळजी नाही. बाहेर एक पण भांडं, एक पण खरकटं ठेवायचं नाही, फोडणी आतच द्या आणि ताटं लगेच विसळा. चालायला गेलात की बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) कमरेला, बॅगेत नाही, मोठ्याने बोलत जायचं, मुलगी पुढे पळणार नाही. विमानाने जाणार असाल तर स्प्रे व्हाइटहॉर्सला घ्या, तो विमानात चालत नाही.

खाण्याचं सामान एडमंटनहूनच न्या, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, मूगडाळ, पोहे, आणि छोटा कुकर, कुकरने प्रोपेन आणि पाणी दोन्ही वाचतं. ताजी भाजी व्हाइटहॉर्सला भरा, त्यापुढे महाग आणि थोडी. पिण्याचं पाणी गावातलंच भरा, ओढ्याचं कितीही स्वच्छ दिसलं तरी उकळल्याशिवाय नाही.

आणि टुकला पोचलातच तर. फोर्ट मॅकफर्सन आणि त्सिगेचिक ही ग्विचिन लोकांची गावं, टुक इनुव्हियालुइट लोकांचं. इनुविक ते टुक रस्ता २०१७ च्या नोव्हेंबरमधे सुरू झाला, त्याआधी तिथे उन्हाळ्यात विमान किंवा बोट आणि हिवाळ्यात बर्फावरचा रस्ता. म्हणजे आपण त्यांच्या अंगणात नव्याने यायला लागलोय. घरांचे, माशांच्या टांगलेल्या ओळींचे, मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. कोणी सुके मासे विकत असेल तर घ्या, बसून बोला, तिथे गप्पांना वेळ असतो. बर्फाच्या गाभ्यावर उगवलेल्या टेकड्या, पिंगो म्हणतात, त्यातला इब्युक ४९ मीटर उंच आहे, गावातून दिसतो. समुद्राचं पाणी ऑगस्टमधे पण हाडं गोठवणारं, मुलीला पाय बुडवू द्या, टॉवेल आणि लोकरीचे मोजे कॅबमधे हाताशी ठेवा.

तुमच्या दारावरच्या स्टिकरचा आकडा आणि रजेच्या नेमक्या तारखा कळवा, त्यावरून रोजचे मुक्काम कसे टाकायचे ते मी लिहून देतो.